हवेचं माहेर

यंदा मार्चात एसीच्या सफाईला नवा मेकॅनिक आला. पॅसेजच्या छताला असलेली झडप त्यानं उघडली, शिडीवरून खांद्यापर्यंत आत शिरला आणि आतूनच विचारलं, "सर, अथी पत्र्यावर निळ्या खडूनं 'माहेर' काहून लिहून आहे?"

मी शिडी धरून उभा होतो. म्हटलं, "त्याच्या बाजूनं परतीच्या हवेची वाट खालच्या जाळीकडे उतरत असेल."

"हो, आहे न."

"तिचंच नाव आहे ते."

तो हसला असावा, कारण शिडी थोडी हलली. मग ब्रश घासल्याचा आवाज सुरू झाला. बाहेर ऊन तापायला लागलं होतं, आतल्या खोलीत बाबा दुपारचे पडले होते, आणि त्या आवाजासरशी वाटलं की झडपेतून आता दोन सडपातळ पाय खाली उतरतील, गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या पँटीचे.

ते अक्षर माणिकभाऊंचं. माणिकभाऊ धकाते, राहणार कोंढा, तालुका पवनी. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचं लहानपण, त्यांचा संसार यांतलं मला फार माहीत नाही. मला ते माहीत आहेत ते शिडीखालून. लोक माणसाला चेहऱ्यावरून ओळखतात, मी माणिकभाऊंना टाचांवरून जास्त ओळखत होतो. उजव्या टाचेला एक जुनी आडवी भेग होती, आणि काम मनासारखं झालं की डाव्या पायाचा अंगठा आपोआप वर उचलला जायचा. वरून काही बोलायच्या आधी मला तो अंगठा कळवायचा.

सात वर्षांपूर्वी ते आमच्या घरी आले ते बाबांमुळे. बाबांनी पन्नास वर्षं मागावर कोशाचं रेशमी कापड विणलं. सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांची छाती भरून येऊ लागली आणि एप्रिलमध्ये अकरा दिवस दवाखान्यात काढावे लागले. घरी पाठवताना डॉक्टरांनी मला सांगितलं, की खोली सव्वीस-सत्तावीस अंशांवर ठेवा. कुलर बंद, त्याची ओली हवा यांना सोसायची नाही. अंगावर थंड झोत नको. आणि मिनिटाला श्वास मोजत जा. चोवीसच्या वर गेले तर मला फोन करा. तिसाच्या वर गेले तर फोन करत बसू नका, घेऊन या.

मी पाटबंधारे खात्यात आहे, तलावांच्या पाण्याच्या पातळीच्या नोंदी ठेवतो. आकडे मिळाले की मला जरा बरं वाटतं. पण बाबांची खोली घराच्या मधोमध, नऊ बाय अकरा फुटांची, तिला बाहेरची एकही भिंत नाही. भिंतीवरचा एसी कुठेही लावला तरी झोत खाटेवरच येत होता. म्हणून ठरलं, की पॅसेजच्या छताखाली एकच यंत्र टांगायचं, त्यातून पत्र्याच्या डक्ट तीन खोल्यांकडे न्यायच्या आणि हवा वरच्या जाळ्यांतून सावकाश खाली येऊ द्यायची. नवतपा लागायला एकोणीस दिवस होते. उन्हाळ्यातले ते शेवटचे, सगळ्यांत तापलेले नऊ दिवस आमच्याकडे काय असतात, ते भंडाऱ्याच्या माणसाला सांगावं लागत नाही.

माणिकभाऊ पहिल्या दिवशी आले तेव्हा मी आलेखाच्या कागदावर घराचा नकाशा तयार ठेवला होता. प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी, इंचासकट. त्यांनी तो घेतला, घडी केली, खिशात ठेवला आणि पॅसेजमध्ये खुर्ची मागून बसून राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"काय पाहून राहिले जी?" आईनं विचारलं.

"पाहून नाही राहिलो, मावशी. ऐकून राहिलो."

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून विणकराची कांडी काढली, मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालतात ती. तिच्यावर कोशाचा धागा गुंडाळलेला होता. हातभर धागा सोडून ते एकेका दारापाशी, खिडकीच्या फटीपाशी, देवघराच्या कोनाड्यापाशी धरून उभे राहू लागले. धागा कुठे लोंबत राही, कुठे हळूच आत ओढला जाई. ते स्वतः विणकराच्या घरातले. विसाव्या वर्षी माग सोडला, पण कांडी सोडली नव्हती.

"घर कोन्या बाजूनं श्वास घेते ते पाहा लागते," ते म्हणाले. "घरावर मशीन लावता येत नाही जी. घरात लावा लागते."

मग नकाशा उघडला. बराच वेळ बोट फिरवत राहिले. "मोजमाप खासं आहे, साहेब. तीन खोल्यांत तीन जाळ्या. हवा गेली. आता वापस कोन्या वाटेनं येते?"

मी पॅसेजच्या भिंतीत खाली एक छोटा चौकोन काढला होता, तो दाखवला.

"एवढुसा?" ते माझ्याकडे पाहू लागले. "तीन पोरी सासरी धाडल्या अन् माहेराचा दरवाजा एवढुसा? अजी, पोरगी माहेरी येऊ शकली नाही तर सासरीबी गुदमरते."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "बरोबर बोलते हा मानूस. मले सात वर्षं धाडलं नव्हतं यांच्या मायनं."

"आता तेच काढ," बाबा खाटेवरून म्हणाले. दवाखान्यातून आल्यापासून ते इतकं सलग बोलले नव्हते.

तेव्हापासून परतीच्या जाळीचं नाव माहेर पडलं. चौकोन दुप्पट मोठा झाला. पण माणिकभाऊंचं समाधान झालं नव्हतं. ते गुडघ्यांवर बसले, भिंतीशी नाक नेलं आणि विचारलं, "हे कोन बसलं आहे?"

"इन्व्हर्टरची बॅटरी." ती माझ्या नकाशात होती. लांबी वीस इंच, रुंदी साडेसात, उंची सोळा. मी तिला फक्त अडचण म्हणून मोजलं होतं.

"चार्ज होताना हिच्यातून तेजाबाचा वाफारा निघते. माहेराच्या दारात हिले बसवून ठेवलं तर तिन्ही पोरी तेच घेऊन जातील सासरी. एक पोरगी तर काकाजीच्या उशाशी."

बॅटरीची लांबी-रुंदी मी दोनदा तपासली होती. त्या आठवड्यात बॅटरी मागच्या ओसरीवर गेली. स्वयंपाकघराची हवा परतीला घ्यायची नाही, कारण तिथे गॅस. न्हाणीघराचीही नाही. हे त्यांनी समजावलं नाही, नुसतं "नाही म्हंजे नाही" म्हणून सांगितलं.

काम सुरू झालं. मी रजा काढली, कारण शिडी धरायला दुसरं कोणी नव्हतं आणि मलाही बाबांपासून दूर जावंसं वाटत नव्हतं. त्या दिवसांची आठवण मला आजही झोपेत पाहिल्यासारखी येते. बंद खिडक्या, त्यांवर ओले पडदे, पॅसेजमधला अर्धा उजेड, आणि छतातून येणारा माणिकभाऊंचा आवाज. ते वर दिसत नसत. आवाज कधी या खोलीच्या जाळीतून यायचा, कधी त्या. बाबांना वाटे, घरच बोलतंय.

एकदा आतून ते एका सिनेमातला लांबलचक संवाद म्हणू लागले, बापाचा आणि लेकाचा, दोन्ही आवाजांत. खाली आल्यावर मी म्हटलं, "सिनेमाचा बराच नाद दिसतो."

"पाहिला नाही न कधी."

मग सांगितलं. तरुणपणी ते नागपूरच्या एका टॉकीजमध्ये हवेच्या डक्ट सांभाळत. दुपारचा खेळ चालू असताना त्यांचं काम डक्टच्या आत, पोटावर सरपटत धूळ काढण्याचं. पडदा दिसायचा नाही. जाळीच्या फटीतून फक्त लोकांच्या डोक्यांवर हलणारा उजेड दिसायचा, निळा, पिवळा, कधी लाल. "रडनं आलं का लोकं कसे गप्प होते, ते वरून ऐकू येते जी. हजार मानसं एकदम श्वास धरते. मंग सोडते. ती हवा माझ्या अंगावरून वापस जाये." मग म्हणाले, "एका खेळाले त्यातली बाई मेली. दुसऱ्या दिवशी तोच खेळ, तीच बाई बोलून राहिली. मले बरं वाटलं."

बाबा डोळे मिटून ऐकत होते. "बाई दिसाले कशी होती?"

"आवाजावरून चांगलीच असंल, काकाजी."

यंत्र टांगायला त्यांनी स्लॅबमध्ये चार जाड सळ्या बसवल्या. प्रत्येक सळीला यंत्राआधी ते स्वतः लटकले, दोन्ही हातांनी, पाय उचलून, शंभरपर्यंत आकडे मोजत. "आधी मी लटकतो, मंग तिले लटकवतो." प्लायवूडच्या छतावर भार टाकायचा नाही, ते छत फक्त दिसायला असतं. सळ्या आणि यंत्र यांच्यामध्ये रबर, म्हणजे झोपलेल्या माणसाला थरथर ऐकू जाऊ नये. यंत्र चेनपुलीनं वर चढवायला आम्हा दोघांना एक अख्खा तास लागला. तांब्याच्या नळ्यांच्या सांध्यांना आगीनं डाग द्यायचा होता तेव्हा बाबांना खाटेसकट पुढच्या खोलीत हलवून सगळ्या खिडक्या सताड उघडायला लावल्या. मग नळ्यांत नायट्रोजन भरून दाबाच्या काट्याचा आकडा मला वहीत लिहायला सांगितला आणि गावी निघून गेले. दुसऱ्या दिवशी आकडा तोच होता, म्हणजे कुठे गळती नव्हती. मला मनापासून आनंद झाला. माझ्या नोकरीत आकडा तोच राहणं म्हणजे काही घडलं नाही असं असतं. इथे ते काम होतं.

पाणी जायच्या नळीला त्यांनी चार फुटांमागे एक इंच उतार दिला. मग यंत्राच्या तबकात बरोबर एक लिटर पाणी ओतलं आणि मला बाहेर मापाचं भांडं घेऊन बसवलं.

"किती आलं?" वरून आवाज.

"नऊशे साठ मिली."

"चाळीस कुठी गेले?"

मी भांडं पुन्हा डोळ्यांच्या पातळीला धरलं. नऊशे साठच.

वरून हसण्याचा आवाज आला. "नळीले खाली वाक दिला आहे, साहेब. ते चाळीस तिथीच रायते. ते पानी म्हंजे कवाड. नाहीतर नालीचा वास आत येते." मला भेटलेल्या कामकऱ्यांमध्ये हिशोबात कमी पडलेल्या पाण्यावर खूश होणारा हा एकच माणूस.

आणखी एक गोष्ट त्यांच्या अंगावरच असायची. डाव्या हाताची मधली दोन बोटं पेरापासून नव्हती. कुठल्याशा इमारतीत पंख्यात हात असताना खालून कोणीतरी बटण दाबलं होतं, एवढंच त्यांनी सांगितलं. ज्यानं दाबलं त्याचं नाव मी विचारलं, तर म्हणाले, "त्याले मी आत आहो हे मालूम नव्हतं न." तेव्हापासून ते कामाला हात लावण्याआधी यंत्राच्या बटणपेटीला स्वतःचं कुलूप घालत. किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधलेली. खिशातली किल्ली कोणी मागितली तर माणूस देऊन टाकतो, त्यांचं म्हणणं, करगोट्याची मागायची लाज वाटते.

त्या किल्लीवरूनच आमचं भांडण झालं.

नवतपा उद्या लागणार होता. यंत्र टांगून झालं, गॅस भरून झाला, जाळ्या बसल्या. पारा शेहेचाळीसवर होता. मी सकाळपासून चार वेळा मोजले होते, बाबांचे श्वास सव्वीस, सत्तावीस, सत्तावीस, अठ्ठावीस. डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले, आधी खोली गार करा. माणिकभाऊ बटणपेटीपाशी मीटर घेऊन उभे होते आणि चालू करत नव्हते. त्यांनी बोर्ड उघडला, तार ओढली. हिरवी तार हातात आली. तिचं दुसरं टोक भिंतीत अडीच फूट जाऊन संपलेलं होतं.

"अर्थिंग नाही तुमच्या घराले."

"असं कसं? वायरिंग करताना मी स्वतः पाहिलं होतं. तिसरं भोक आहे प्रत्येक बोर्डाला."

"भोक आहे, साहेब. जमीन नाही."

मी म्हटलं, मग आज चालू करू, अर्थिंग दोन दिवसांनी करू. पंधरा वर्षं घर असंच चाललं आहे. काही झालेलं नाही.

त्यांनी मान हलवली. "वरते लोखंडी पेटी आहे. तिच्यात पानी. तिच्यापासून पत्रा थेट काकाजीच्या खाटेवरपर्यंत. तार कुठी घासली तर करंट येऊन सगळंच जितं होऊन जाईल. मी नाही लावत."

"आत ऐका जरा. तो आवाज ऐका. अठ्ठावीस आहेत."

"ऐकून राहिलो."

"मग?"

"काकाजी आहे म्हनूनच नाही लावत. दुसऱ्या कोनाचं असतं तरी नसतं लावलं, पन अथी तर नाहीच."

त्यांनी पेटीला कुलूप घातलं, शर्ट खाली ओढला आणि पाच वाजताची पवनीची गाडी पकडायला निघून गेले. मी इतका संतापलो होतो, की हातोडी काढून कुलपापाशी उभा राहिलो. आई समोर आली. "तोडशील तं तोड," ती म्हणाली, "पन पयले बाबाले सांगून तोड." मी आत गेलो. बाबांनी माझ्या हातातली हातोडी पाहिली. त्यांना बोलायला वेळ लागला. "ताना ढिला असला... तं माग... चालवत नाही," एवढंच म्हणाले आणि पुन्हा श्वास घेऊ लागले. मी हातोडी खाटेखाली ठेवून दिली आणि ओल्या फडक्यानं त्यांचे हातपाय पुसत बसलो.

सकाळी सहाला फाटक वाजलं. माणिकभाऊंच्या खांद्यावर लांब नळी होती, दोन्ही हातांत कोळसा आणि मिठाची पोती. कोंढ्याहून पहिल्या गाडीनं, तिकिटावरून कंडक्टरशी वाद घालून त्यांनी ते सगळं आणलं होतं. मागच्या अंगणात जिथे धुण्याचं पाणी पडतं तिथली जमीन उन्हाळ्यातही ओली असते, ती जागा त्यांनी पहिल्याच दिवशी हेरली असावी, कारण तिकडेच सरळ गेले. साडेआठपर्यंत आम्ही दोघांनी खड्डा खणला. नळी, कोळसा, मीठ, पाणी. तिथून जाड तार बटणपेटीपर्यंत. पुन्हा मीटर. डाव्या पायाचा अंगठा वर गेला.

किल्ली काढायला ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दहा वाजून वीस मिनिटांनी यंत्र सुरू झालं. आवाज असा आलाच नाही. बाबांच्या खोलीतल्या जाळीपाशी माणिकभाऊंनी धागा धरला, तो हळूच सरळ झाला आणि तसाच राहिला, जणू कोणी दुसऱ्या टोकानं धरला आहे. मग माहेरापाशी धरला, तिथे तो जाळीला जाऊन चिकटला. "आल्या पोरी," ते म्हणाले. बारा वाजता बाबांचे श्वास चोवीस होते. तीन वाजता एकवीस, आणि ते झोपले होते.

त्यानंतरचे चार दिवस घरात एक वेगळीच शांतता होती. बाहेर रस्ता पांढरा पडलेला, आत पाण्याखाली असावं तसं सगळं सावकाश. पाचव्या दिवशी दुपारी एक वाजता यंत्र बंद पडलं.

मी बटण दाबलं, पुन्हा दाबलं. माणिकभाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "दाबू नका. मेन बंद करा. मी येऊन राहिलो." गाडी मिळून त्यांना यायला दोन तास लागले. त्या दोन तासांत खोली छत्तीसवर गेली आणि श्वास एकोणतीसवर. रिक्षावाल्याला मी फाटकाशी उभं करून ठेवलं होतं. तीस झाले असते तर निघालो असतो.

माणिकभाऊ आले ते घामानं भिजून, चप्पल न काढता शिडीवर चढले. कुलूप घातलं, झडप उघडली. थोड्या वेळानं म्हणाले, "बरफ." यंत्राच्या आतली थंड नळ्यांची जाळी बर्फानं गच्च झाली होती. तो वितळून पाणी खालच्या दुसऱ्या तबकात भरलं आणि तिथे त्यांनी बसवलेल्या तरंगत्या बटणानं यंत्र आपोआप थांबवलं होतं. ते बटण नसतं तर पाणी छतातून पॅसेजमध्ये आलं असतं. पण बर्फ काहून? त्यांनी खाली येऊन माहेराची जाळी काढली. तिच्या मागे, नीट चार कोपऱ्यांना सुतळीनं शिवलेली, ओली गच्च वाळ्याची ताटी होती.

माणिकभाऊंनी ताटी नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मला वाटलं, आता ते बोलणार. मीही बोलणार होतो.

"मी लावली," आई म्हणाली. "यांले वाळ्याबिगर उन्हाळा कधी गेला नाही. कुलरले नव्या वाळ्याची ताटी, हे माझं पंचेचाळीस वर्षांचं काम. तुमच्या मशीनीच्या हवेले कायचाच वास नाही जी. मेल्या मानसाच्या घरासारखी हवा. म्हटलं, जिथून हवा आत जाते तिथी लावावी. रोज दोनदा पानी मारत होती."

मी तिच्याकडे वळलो, पण माणिकभाऊंनी हात वर केला, ती दोन बोटं नसलेला.

"मावशी, चूक तुमची नाही. मी कुलरच्या घरात मशीन बसवली अन् कुलरची सवय कुठी ठेवाची ते नाही सांगितलं." मग ताटी आईच्या हातात देऊन, "तुम्ही माहेराले तोरन बांधलं. पन दारच बुजलं न. हवा वापस आली नाही, म्हनून बरफ धरला."

ते कामाला लागले. बर्फ काढला, पाणी उपसलं, नळी तपासली. पावणेचारला यंत्र पुन्हा सुरू झालं. मी रिक्षावाल्याला जायला सांगितलं. मग माणिकभाऊंनी आईकडून नव्या वाळ्याची एक जुडी मागितली, नळाखाली तीनदा धुतली, तिला आपल्या कांडीवरचा धागा बांधला आणि पिण्याच्या माठात सोडली. संध्याकाळी आईनं बाबांना फुलपात्रात ते पाणी दिलं. बाबांनी एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला.

"हां," ते म्हणाले, "आता लागला नवतपा."

आई पदरात तोंड घालून हसली की रडली, मी पाहिलं नाही.

त्यानंतर पाच वर्षं माणिकभाऊ वर्षातून दोनदा येत. उन्हाळ्याआधी एकदा, दिवाळीआधी एकदा. मधल्या काळात माझ्यावर जबाबदारी होती. दर पंधरा दिवसांनी जाळीतलं फिल्टर धुवायचं, सावलीत वाळवायचं, उन्हात नाही. महिन्यातून एकदा बाहेरच्या नळीतून पाणी थेंबथेंब येतंय का पाहायचं. अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायचं. मी वहीत तारखा ठेवत असे. ते वही उघडत, बोटानं ओळी पाहत, आणि एखादा पंधरवडा सतरा दिवसांचा निघाला तर तेवढ्यावरच बोट ठेवून माझ्याकडे पाहत. बोलत नसत. बाबांशी मात्र बोलत. दोघांचं बोलणं कोशाच्या धाग्यावरून सुरू होई आणि कुठल्या कुठे जाई. पवनीचा बाजार, करडी गावची कोणी मेलेली आत्या, त्या टॉकीजमधली ती कधी न दिसलेली बाई.

शेवटचे ते आले तो दिवाळीआधीचा फेरा होता, पण ऑक्टोबरचं ऊन कडक होतं. काम नेहमीसारखंच झालं, फक्त शिडीच्या मधल्या पायरीवर ते दर वेळी थोडे थांबत होते. मी विचारलं तर म्हणाले, "शिडी जुनी झाली जी." शिडी आमची, आणि नवी होती.

जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, "घडीभर पडा न. गाडी सव्वाचारची आहे." इतक्या वर्षांत माणिकभाऊ त्यांनीच थंड केलेल्या खोलीत कधी आडवे झाले नव्हते. त्या दिवशी त्यांनी हो म्हटलं. आईनं खाटेशेजारी सतरंजी टाकली. चारच्या सुमारास मी उठवायला गेलो. खोली सव्वीस अंश, दाराचा पडदा ओढलेला, वरून हवा येत होती पण जाणवत नव्हती. दोघं म्हातारे झोपले होते, एक वर, एक खाली. बाबांची छाती शांतपणे हलत होती. माणिकभाऊंनी उशी दुमडून उंच केलेली, पाठ जवळजवळ भिंतीला टेकलेली. असं अर्धं बसून कोण झोपतं, हे मी आमच्या घरात बाबांवरून बरीच वर्षं पाहिलेलं होतं. मला उठवायचं धैर्य झालं नाही, पण त्यांनी स्वतःच डोळे उघडले.

"खासी झोप लागली," ते म्हणाले. बाबांना न उठवता निघाले.

मी फाटकापर्यंत गेलो. म्हटलं, "माणिकभाऊ, छाती दाखवा एकदा. मी येतो सोबत."

"दाखवू न. माझी पोट्टी येऊन राहिली दिवाळीले, तवा दाखवू."

आमच्या फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत एकशे चाळीस पावलं आहेत. माणिकभाऊ पिशवी खांद्याला लावून चालू लागले. पन्नासेक पावलांवर थांबले आणि एका घराच्या भिंतीवर लावलेल्या एसीच्या बाहेरच्या डब्याकडे मान वर करून पाहू लागले, जसे नेहमी पाहत, कोणी कसं बसवलंय ते. मग पुढे गेले. पुन्हा थांबले, पुन्हा एका गच्चीकडे पाहिलं, तिथेही एक डबा होता. तिसऱ्यांदा थांबले ते वळणाच्या थोडं आधी. तिथे नुसती कुंपणाची भिंत आहे, वर आकाश. त्यांनी एक हात भिंतीला टेकवला, मान वर केली, आणि कितीतरी वेळ तसेच वर पाहत उभे राहिले.